वरात मागे राहिली

आपण सर की बाजेवाले, हा घोळ भोजराज मास्तरांच्या डोक्यात जो शिरला, तो रिटायर होईस्तोवर काही निघाला नाही. आणि घोळ घातला कोणी? दुसऱ्या कोणी नाही, हेडमास्तर वासुदेवरावांनी.

त्याआधी सगळं सरळ होतं. तुमसरात त्यांचे मामा यादोराव यांचा लग्नाचा बँड होता. आईबाप गेल्यावर भोजराज मामाकडेच वाढला. मामानेच त्याच्या हातात क्लॅरनेट दिलं. सूर चुकला की भरचौकात शिव्या, आणि जमला की रात्री ताटात जास्तीचा लाडू. पोराला दोन्ही गोड लागायचं.

त्र्याहत्तर साली शहापूरकडच्या एका हायस्कुलाला कुण्या राइस मिलवाल्याने ढोल, बिगुल अन् बासऱ्या दान दिल्या. आता शिकवणार कोण? भोजराज मॅट्रिक झालेला, म्हणून त्याला बोलावलं. पायात बूट आले, गळ्यात शिट्टी आली, भोजराजचे भोजराज सर झाले. पहिल्याच दिवशी वासुदेवरावांनी दम भरला, "आता तुम्ही सर आहात. लग्नाबिग्नात वाजवायचं नाही. शाळेची इज्जत जाते. वाजवताना दिसले, तं नोकरी गेली समजा."

सरांनी मान डोलावली. पुढच्याच उन्हाळ्यात मामाच्या पोरीचं लग्न निघालं. "बहिणीच्या लग्नात तू नाही वाजवशीन तं कोण वाजवन?" मामा म्हणाले. भोजराज सर नवे कपडे घालून गेले, आहेर केला, पोटभर जेवले, पण क्लॅरनेटला हात लावला नाही. त्या दिवसापासून मामाच्या शिव्या बंद झाल्या. "या सर. बसा सर. सरासाठी खुर्ची आणा रे." लोकांना ऐकून बरं वाटायचं, भोजराज सरांच्या मात्र काळजाला घरं पडायची. मामाने एकदा तरी गाढव म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

शाळेत मात्र त्यांनी पोरांचा बँड असा घडवला की काय सांगावं! नियम एकच. पाय ठेक्यावर, नजर समोर, आणि काही झालं तरी मागे वळून पाहायचं नाही. सव्वीस जानेवारीला पोरं निघाली की मैदान बघत राहायचं.

अशी दहाबारा वर्षं गेली. मग एक दिवस वासुदेवरावांनी बोलावलं.

"सर, संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या, धनीरामजींच्या पोराची वरात आहे एकोडीले. आपला बँड न्यायचा. पोरं ड्रेसमध्ये पायजेत."

"लग्नात? पण तुम्हीच तं म्हटलं होतं, इज्जत जाते…"

"अध्यक्षाच्या घरचं लग्न म्हणजे शाळेचाच कार्यक्रम. कायले डोकं लावता?"

डोकं लावू नका म्हणे! सरांनी घरी येऊन बायकोला सांगितलं. निर्मलाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग मामाजीच्या पोरीचंच काय चुकलं होतं?" सर बुटांना पॉलिश करत बसले.

एकोडीत पाहतात तर काय, धनीरामांनी हौसेने दोन बँड लावलेले. पुढे शाळेचा, मागे यादोरावांचा. मामा आता पार थकले होते. हात जोडून म्हणाले, "नमस्कार सर." सरांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी घाईने शिट्टी मारली. "तेज चल!"

पोरं निघाली. ढोल असे दणाणले की मागचं काही ऐकू येईना. तलावाची पाळ गेली, बाजारचौक गेला, थेट नवरीचा मांडव आला. "थम!" सगळे बूट एकदम थांबले. नवरीची आई ओवाळायचं ताट घेऊन बाहेर आली, इकडेतिकडे पाहू लागली.

"नवरदेव कुठी आहे जी?"

तेव्हा कुठे सरांनी मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा! एक कुत्रं काय ते येत होतं. अहो, वरात म्हणजे चार पावलं चालणार अन् अर्धा घंटा नाचणार. परेडच्या ठेक्याने ती कधी चालली आहे का? जन्म वरातीत गेलेला माणूस, आणि नेमकं हेच विसरला!

पोरांना तिथेच उभं करून सर उलटे पळाले. वरात तलावाच्या पाळीवरच अडकली होती. घोड्यावर नवरदेव घामाघूम, पुढे यादोरावांचा बँड, आणि त्याच्यापुढे धोतर खोचून, दातात रुमाल धरून, डोळे मिटून नाचत होते कोण? वासुदेवराव हेडमास्तर! सरांचं डोकंच चालेना.

तेवढ्यात क्लॅरनेट थांबलं. मामांना दम लागला होता. ते पाळीवरच्या दगडावर बसले.

"अरे वाजवा ना, काहून थांबले?" हेडमास्तर डोळे न उघडता, दातातल्या रुमालातूनच ओरडले.

मामांनी भाच्याकडे पाहिलं, दुपट्ट्याने क्लॅरनेटचं तोंड पुसलं आणि पुढे केलं. समोर नोकरी नाचत होती, बाजूला मामा बसले होते. सरांनी विचार करून वाजवलं म्हणावं तर ते खोटं होईल. हात गेला, एवढंच खरं. पहिला सूर चिरकला, दुसरा घसरला, मग ओठांना ओळख पटली. वरात हलली. ती मांडवापाशी पोचली तशी शाळेच्या पोरांनीही नजर समोर ठेवूनच नाचाचा ठेका धरला.

बाजा थांबला आणि वासुदेवरावांनी डोळे उघडले. समोर भोजराज सर, हातात क्लॅरनेट. हेडमास्तरांनी दातातला रुमाल काढला.

"सर, म्या तुम्हाले पाह्यलं नाही." मग खोचलेलं धोतर खाली सोडत म्हणाले, "अन् तुम्ही मले पाह्यलं नाही."

म्हणजे वाजवायचं की नाही वाजवायचं? सरांना काही म्हणता काही कळलं नाही. ते क्लॅरनेट परत द्यायला गेले. आता 'धन्यवाद सर' ऐकावं लागणार, म्हणून मान खालीच होती.

मामांनी क्लॅरनेट हिसकावून घेतलं. "गाढवा! सूर काहून घसरवला बे, भोज्या? इतकं शिकवलं ते कुठी घातलं?"

भोजराज सर पोरांच्या पंगतीत जाऊन बसले, पहिला घास हातात घेतला आणि ढसाढसा रडायला लागले. पोरं बिचारी एकमेकांकडे पाहू लागली. त्यांना वाटलं, सरांची नोकरी गेली.