हमदुल्लाचे दगड

जिभेला हाड नसतं म्हणतात. महादू शेलारच्या हाताला नव्हतं. पोलादपूरकडचा हा गडी त्र्याण्णव साली दुबईकडे, मसाफी गावाच्या मागच्या डोंगरात, दगडाच्या खाणीवर ड्रिल चालवायला आला, आणि पहिल्या उन्हाळ्यातच त्यानं एकाचं नाक, दुसऱ्याचा जबडा आणि कॅम्पच्या मेसचं दार फोडलं. दिवसभर ड्रिल छातीशी धरून खडकात भोकं पाडायची, भोकांत दारू ठासायची आणि डोंगर उडवायचा. असलं काम करून आलेला माणूस संध्याकाळी गोड बोलेल असं ज्याला वाटतं, त्यानं ते ड्रिल एकदा हातात धरून पाहावं. हात थरथरायचे थांबत नाहीत. महादूचे थांबायचे ते कुणाला तरी ठोसा बसल्यावर.

गावीही त्यानं हेच केलं होतं. बांधावरून भांडण झालं, तेव्हा कुदळीच्या दांड्यानं चुलतभावाचं डोकं फोडलं. चुलतभाऊ जगला, पण जागेवरच पडून राहिला, आणि त्याचे मुलगे मोठे होऊ लागले. कोयता परजून ठेवलाय, असा निरोप ते येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवायचे. महादूची बायको सत्यभामा फोनवर एकच सांगायची, "येऊ नका." म्हणून दुसरे लोक सुट्टीचे दिवस मोजायचे आणि महादू सुट्टीच घ्यायचा नाही.

हमदुल्लाशी त्याची गाठ पडली ती बादलीवरून. हमदुल्ला पेशावरकडचा, डंपर चालवणारा, दाराएवढा पठाण. आंघोळीच्या रांगेत त्यानं महादूची बादली लाथेनं सरकवली. झालं! उचलला हात, लावला गालाला. पण इथं शेरास सव्वाशेर भेटला होता. दोघं टँकरपाशी पडले, मेसपर्यंत लोळत गेले, एकमेकांना चावले. फोरमन यूनुस, आपला मंडणगडचा माणूस, शेवटी त्यांच्यावर टँकरचा पाइप सोडून मोकळा झाला. महादूची बरगडी गेली, हमदुल्लाचे पुढचे दात गेले. दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. हमदुल्ला रक्ताळल्या तोंडानं हसला, "यार, तेरा हाथ है या हथौडा?" महादूलाही हसू आलं आणि बरगडीतून कळ उठली. त्या दिवसापासून दोघांचं असं मेतकूट जमलं की एकाच ताटात जेवायचे. शिव्या मात्र चालूच होत्या.

त्याच मारामारीवरून शारजाच्या ऑफिसातून मॅनेजरचा निरोप आला. यूनुसनं तो जसाच्या तसा सांगितला, "महाद्या, आणखी एकदा कुणावर हात उचललास तर व्हिसा खलास. मग मी पण काही करू शकत नाही."

महादूनं मान हलवली. त्या दिवसानंतर त्याला राग यायचा तेव्हा तो कॅम्पमागच्या खडकावर बुक्के मारायचा. बोटांची सालटी निघायची, पण खडक काही तक्रार करत नव्हता.

दोन हजार सालच्या थंडीत खाणीची सर्वात वरची कड तुटली. हमदुल्ला डंपर मागं घेत होता. कडेचा दगड सुटला आणि डंपर मागल्या चाकांवर बसल्यासारखा झाला, मग उताणा खाली गेला. महादू खालच्या टप्प्यावर ड्रिल धरून उभा होता. केबिन चेपून पत्र्याच्या डब्यासारखी झाली होती. त्यानं पहारीनं दार उचकटलं आणि हमदुल्लाला हातांनी ओढून बाहेर काढलं. जे हाती आलं त्याला माणूस म्हणवत नव्हतं. पेटी विमानानं पेशावरला गेली. इथं कबर नाही, खूण नाही, काही नाही.

कंपनीनं वरचा तो टप्पा सोडून दिला. कुंपण घालायचं कुणाला सुचलं नाही.

महादूच्या गावाकडच्या घाटात एक रीत आहे. वाटेवर कुणी अवचित गेलं, की त्या जागी येणारा-जाणारा दगड ठेवतो. गेलेला एकटा पडत नाही आणि ठेवणाऱ्याची वाट सुखरूप होते, अशी समजूत. महादूनं पहिल्या शुक्रवारी कड्याजवळ एक दगड ठेवला. मग दर शुक्रवारी. ढीग गुडघ्याएवढा झाला, कमरेएवढा झाला. बकऱ्या शोधायला जाणारे बंगाली, सुट्टीला डोंगर चढणारे मल्याळी, कुणी काही न विचारता आपापला दगड ठेवून जायचे. खाली खजुरीची हिरवी पट्टी, वर उघडा, तपकिरी, धारदार डोंगर, आणि मधे हमदुल्लाचा ढीग. लांबून दिसायचा.

त्याच सुमाराला डोंगरात सायकली आल्या. दुबई-शारजाचे लोक, रंगीत हेल्मेटं, जाड टायरं. गाढवांची जुनी वाट त्यांना फार आवडली. महादूला तो येडेपणा वाटायचा. डोंगर उतरायला देवानं पाय दिलेत! पण ते दर थंडीत यायचे, आणि वाट चुकू नये म्हणून वळणावळणाला दगडावर दगड रचून ठेवायचे. दगड दिसला की तिकडे वळायचं, हा त्यांचा कायदा. एका ठिकाणी वाट फुटायची. डावीकडची खजुरीच्या गावाला उतरायची. उजवीकडची पूर्वी कुठं तरी जायची, आता थोडी चढून थेट तुटलेल्या कड्यावर संपायची. फाट्यावरची त्यांची खूण बकऱ्यांनी पाडली होती. उजवीकडे, चढाच्या अलीकडे, कमरेएवढा ढीग उभा होता.

महादू त्या शुक्रवारी दगड ठेवून तिथंच बसला होता. वरून खडखडाट आला. पुढं एक विशीतला पोरगा, मागं लांबवर चौघं. पोरगा फाट्यावर आला, ढीग पाहिला आणि उजवीकडे वळला. पेडल मारून चढ घेऊ लागला. चढाच्या पलीकडे काय आहे ते महादूला ठाऊक होतं, कारण त्यानं ते हातानं उचललं होतं.

"रुको!" तो ओरडला. पोराच्या कानांत गाण्याच्या दोन तारा होत्या.

महादूनं विचार केला नाही. विचार करणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. तो धावत गेला, चढ सरता सरता पोराला गाठलं आणि त्याच्या खांद्यावर आपला सगळा देह आपटला. पोरगा सायकलीवरून उडाला, खडकावर पडला, हाड मोडल्याचा आवाज आला. सायकल एकटीच माथ्यावरून पलीकडे घरंगळली आणि दिसेनाशी झाली.

मागचे चौघं पोचले. त्यांनी काय पाहिलं? पोरगा किंचाळतोय आणि एक मळका मजूर त्याच्या छातीवर हात दाबून बसलाय. पहिला आला तो पोराचा बाप, संजय, शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या कारखान्यातला इंजिनियर. त्यानं सायकलचा पंप काढून महादूच्या तोंडावर हाणला. दुसऱ्यानं लाथ घातली. महादूच्या तोंडून "आई गं" निघालं, तसा संजय आणखीनच भडकला.

"मराठी आहेस? आपला माणूस असून माझ्या पोरावर उठतोस?" आणि पंप पुन्हा खाली आला.

महादूचे हात वर आले. एका ठोशात तो त्या इंजिनियरला झोपवू शकला असता, आणि चौघांना मिळून बुकलून काढणंही त्याला जड नव्हतं. पण मुठी वळल्या तशा त्यानं त्या काखेत दाबल्या आणि मार खाल्ला. भुवई फुटली, ओठ फाटला. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "म्होरं बगा सायेब, म्होरं जाऊन बगा."

शेवटी जय, तो पोरगाच, ओरडला, "डॅड, स्टॉप! माय बाइक… वेअर इज माय बाइक?"

संजय चढावर गेला. कड्यावर पोचला आणि वाकून पाहिलं. खाली, फार खाली, सायकलचा चोळामोळा होऊन पडला होता.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. त्यानं महादूचे हात धरले, सोडले, पुन्हा धरले. मग त्याची नजर ढिगावर गेली आणि माणसाला लाज वाटली की राग कुठं तरी काढावाच लागतो. "हे कुणी रचलं? खुनी आहे तो!" म्हणून त्यानं ढिगाला लाथ घातली. वरचे दगड गडगडले.

आता मात्र महादूनं त्याची गचांडी धरली. धरली, आणि तशीच सोडली.

"पाय लावू नगा," तो म्हणाला. "म्या रचलाय. माजा दोस्त हितनं पडला. म्याच काढतो."

त्यानं तो ढीग उपसला. रक्त डोळ्यांत उतरत होतं, ते बाहीला पुसत तो एकेक दगड उचलायचा आणि फाट्यावर नेऊन उजव्या वाटेवर आडवा रचायचा. कोकणात घालतात तसा गडगा. कुणी मदतीला पुढं झालं की त्याच्यावर गुरकावायचा. गडगा छातीएवढा झाला आणि हमदुल्लाच्या जागी नुसती धूळ राहिली. तेव्हा तो तिथं बसून मोठ्यानं रडला.

यूनुसनं दवाखान्यातून त्याची भुवई शिवून आणली आणि कॅम्पमध्ये सगळ्यांना बजावलं, "महाद्या घसरून पडला. कळलं?" सगळ्यांना कळलं. गोष्ट तिथंच मिटली असती.

पण संजय भला माणूस. पोराचं हाड बसवून झाल्यावर त्याला झोप येईना. उपकाराची फेड करावी म्हणून त्यानं कंपनीच्या शारजा ऑफिसचा नंबर शोधला आणि मॅनेजरला फोन करून भरभरून सांगितलं. तुमच्या माणसानं माझ्या मुलाला धडक मारून पाडलं म्हणून तो वाचला, आम्ही चुकून त्याला मारलं, त्याचा सत्कार करा, तो कडा किती भयंकर उघडा आहे! मॅनेजरनं शांतपणे ऐकलं, आभार मानले आणि लगेच यूनुसला फोन लावला. बाहेरच्या माणसाचं हाड मोडलं, उघड्या कड्याचा बोभाटा झाला. महादूला उद्याच्या विमानात बसवा.

यूनुस भांडला, हातापाया पडला. "खलास," पलीकडून आवाज आला.

पहाटे पिकअप आली. ज्या माणसानं जन्मात कुणापुढं मान वाकवली नव्हती, तो यूनुसच्या पायांना मिठी मारून बसला. "यूनुसभाय, मला घरला नगं धाडू. भावाची पोरं मला सोडनार न्हाईत. म्या कुनाला मारलं न्हाई रे ह्या येळी."

यूनुसनं त्याला काखेत हात घालून उठवलं, आणि त्याची बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली.