महिन्यातून एकदा अंधार

पुण्यात मला कुणी टिकवलं असं विचारलं, तर मी एकच नाव सांगेन... नजमा मॅडम. आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या डोक्यावरच्या घरात एकट्या राहायच्या. आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं नाव आधी लिहून टाकलं, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही. मॅडम गेल्या. मी वाघोलीला एका हॉटेलात पाल्याचे डबे द्यायला गेले होते, तिथं घरमालक अण्णांचा फोन आला. "रेखा, वरच्या मॅडम गेल्या गं. दुपारी खुर्चीत बसल्या व्हत्या, त्या तशाच." मी नुसतं "बरं" म्हटलं. रिकामे क्रेट उचलले आणि मांजरीला घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच घोळत राहिलं... आता दिव्यांचं कुणाला विचारायचं? माणूस गेल्यावर असला विचार यावा, याचं माझं मलाच कसंतरी झालं. पण आला तो हाच.

हे दिवे म्हणजे माझं पोट. मी किनवटकडची. शाळा आठवीनंतर सुटली. पुण्यात आले ती मांजरीच्या एका रोपवाटिकेत कामाला, आणि ती बंद पडली तेव्हा हाताला एवढंच येत होतं... बी रुजवणं. मग अण्णांच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. मागच्या खोलीला खिडकी नाही, ऊन नाही. तिथं लोखंडी मांडण्या लावल्या, प्रत्येक फळीखाली झाडं वाढवायचे एलईडी दिवे बांधले आणि ट्रेमध्ये मोहरी, मुळा, बीट पेरलं. बोटभर कोवळा पाला झाला की कापायचा आणि हॉटेलांना पोचवायचा. ते तो ताटाच्या कडेला शोभेला ठेवतात. लोक खातात की नाही, मी कधी विचारलं नाही.

मला भीतीची सवय आहे. गॅस बंद केला का बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. तरी खरी भीती जिथं वाटायला हवी होती तिथं वाटली नाही. एका सकाळी जळका वास आला. बघते तर दिव्यांचा प्लग वितळून बोर्डाला चिकटलेला. वास अण्णांपर्यंतही गेला. ते दारातच उभे राहिले. "ह्या पाल्याच्या नादात माझी बिल्डिंग जाळशील तू. म्हयना संपला की खोली मोकळी कर." मी हात जोडले. खोली गेली म्हणजे पाला गेला, आणि पाला गेला म्हणजे किनवटची गाडी. तिकडं तरी काय होतं? आई होती तोवर जायला घर होतं.

जिन्यावरून आवाज आला, "अण्णा, जळायची भीती असेल तर वायर बदला. भाडेकरू बदलून वायर थंड होत नाही." तीच मॅडमची आणि माझी पहिली भेट. त्याआधी आम्ही जिन्यात नुसत्या बाजूला व्हायचो.

आत येऊन त्यांनी माझा कारभार बघितला. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, त्याच लाइनवर फ्रिज आणि बाथरूमचा गिझर. "ही काय वरात काढली आहेस?" त्या म्हणाल्या. मी घाबरत म्हटलं, "दिवे लहानच आहेत, मॅडम." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मिक्सर किती वेळ लावतेस? दोन मिनिटं. हे दिवे दिवसभर करंट ओढतात. बोर्डातला एखादा स्क्रू जरा जरी सैल असेल, तर तो दिवसभर तापतच राहणार. लहान म्हणे... आणि मला मॅडम म्हणू नकोस. तू काही माझ्या वर्गात नाहीस. आपा म्हण." मी मान हलवली, पण आपा काही तोंडात बसलं नाही. आठवीनंतर माझ्या वाट्याला मॅडम आल्याच नव्हत्या. आयती मिळाली ती हाक कशी सोडू?

त्यांनी स्वतः एकाही वायरीला हात लावला नाही. "आधी हिशेब, मग पक्कड," म्हणायच्या. प्रत्येक दिव्याच्या पाठीवरचे वॅट मला वाचायला लावले, बेरीज करायला लावली. पंखे, पाण्याचा छोटा पंप, आणि पुढं वाढवायची इच्छा असलेली मांडणीसुद्धा त्यात धरली. बेरीज चुकली की काही न बोलता कागद परत सरकवायच्या. त्यावरून ठरलं, की दिव्यांसाठी मेन बोर्डापासून थेट वेगळी लाइन, तिला साजेशी जाड वायर आणि तिचा स्वतंत्र एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका. फ्रिज-गिझरशी संबंध नाही. काम त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं केलं, परवाना असलेल्या. त्यानं बिल्डिंगचं अर्थिंग तपासलं, लोखंडी मांडण्यांनाही अर्थिंग जोडलं. प्लग ट्रेच्या वर, पाणी उडणार नाही असे घेतले. प्लगपाशी येणारी प्रत्येक वायर मॅडमनी खाली झोल देऊन मग वर चढवायला लावली. "वायरीला पोट असू दे. पाणी ओघळलंच तर पोटाशी थांबेल आणि टपकेल. प्लगमध्ये शिरणार नाही." अण्णा सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "ऱ्हा मग." तेवढंच.

त्या लाइनवर आणखी एक यंत्र बसवलं, आरसीसीबी. पाण्यातून किंवा माणसाच्या अंगातून करंट भलतीकडं जाऊ लागला, की ते लाइन तोडतं. त्यावर टेस्टचं एक बारकं बटण असतं. मॅडम म्हणाल्या, "महिन्याच्या पहिल्या रविवारी हे दाबायचं. अंधार झाला, तर यंत्र शुद्धीवर आहे. दिवे तसेच राहिले, तर कशाला हात लावू नकोस, आधी मला हाक मार." मला ते उलटंच वाटलं. सगळं नीट असेल तर अंधार, आणि बिघडलं असेल तर उजेड!

तेव्हापासून तो रविवार आमचा झाला. मी बटण दाबायची, खट् आवाज करून खटका पडायचा आणि खोली काळीकुट्ट. वरच्या खिडकीतून हाक यायची, "पडला का?" मी ओरडायची, "पडला!" "मग उचल आणि वर ये, चहा झालाय." चहाला फारसं बोलणं नसायचं. एकदा म्हणाल्या, "वायरमनच्या वर्गाला आठवी पास चालते. तू पास आहेस, की नुसती सोडलीस?" मी म्हटलं, "पास आहे. पण या वयात?" "वय मी विचारलं नाही," एवढं म्हणून त्यांनी माझ्यापुढं बिस्किटं सरकवली.

त्या गेल्या त्या दिवशी जिन्यात कॅम्पातले त्यांचे नातेवाईक उभे होते. एका बाईंनी विचारलं, "आपण कोण?" नातं नाही, शेजार म्हणावा तर नुसता शेजारही नाही. "खालची," मी म्हटलं, आणि खालीच जाऊन बसले. मैयत दारावरून गेली. मागच्या खोलीत दिवे आपल्या वेळेला बंद झाले, मी उठलेही नाही.

काही आठवड्यांनी त्याच बाई, मॅडमची भाची, घर आवरायला आल्या. किल्ली द्यायला अण्णांकडं जाताना माझ्या दारात थांबल्या. "महिन्यातून एकदा अंधार करता, त्या तुम्हीच ना? त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. खाला सांगायची, माझ्या शेवटच्या बॅचला एकच विद्यार्थिनी आहे, तीही खाली राहते..." पुढं त्या काय बोलल्या, मला ऐकू आलं नाही.

गेल्या रविवारी मी बटणापाशी उभी राहिले. दाबलं आणि दिवे नाही गेले, तर हाक कुणाला मारू? बराच वेळ बोट तसंच धरून होते. मग दाबलं. खट्. अंधार. वरून काही आवाज आला नाही... तरी मी म्हटलं, "पडला, मॅडम." कुठल्याशा वायरीच्या पोटावरून एक थेंब फरशीवर टपकला, तेवढं ऐकू आलं. मग मी चाचपडत खटका उचलला.

वरच्या घरात आता दुसरं कुणी राहायला येईल. ते आले की मी जिना चढून जाईन आणि विचारेन, टेस्टचं बटण कधी दाबलंत? वायरमनच्या वर्गाला लागणारा आठवी पासचा दाखला आणायला मात्र किनवटला जावं लागेल. जाईन. मॅडम, तुमचं देणं मी एक दिवस फेडीन... अशाच कुणाच्या तरी घाबरलेल्या खोलीत उभी राहून, आधी हिशेब, मग पक्कड.