माहीत नाही म्हणणारा साक्षीदार

माहा भाऊ उत्तमराव अमरावतीले वकील होता. पण संशयी तो वकील होण्याच्या कितीतरी आधीपासून होता, हे मी त्याची मोठी बहीण म्हणून सांगून रायली. लोक उगाच धंद्याले दोष देतात. लहानपणी आईनं हातावर साखर ठेवली तर हा आधी विचारे, आज काहून देऊन रायली? दुधानं तोंड भाजलं की माणूस ताक फुंकून पिते म्हणतात. यानं तोंड न भाजताच सारी उमर ताक फुंकलं. गवळी हसून बोलला तर दुधात पाणी असन, अन् न हसता बोलला तर जास्तच असन. न्हावी गप्प बसून दाढी करू लागला तर म्हणे, हा माह्या घरातल्या गोष्टी काढाले आला.

असा माणूस वकिलीत चालला नसता तरच नवल. त्याच्या उलटतपासणीले भलेभले साक्षीदार आपल्या बापाचं नाव विसरत. आज अमरावतीचं कोर्ट, उद्या अकोल्याचं, मधातच नागपूर. घरी तो पाहुण्यासारखा येई, अन् पाहुण्यासारखंच त्याले ताट वाढा लागे. आमची भावजय सत्यभामा गेली तवा तिची शकुन नुकती पाळण्यातून खाली उतरली होती. माहा नवरा त्याच्या आधीच गेलेला, मी भावाकडेच राहो. त्या पोरीले न्हाऊ-माखू मीच घातलं, वेण्या मीच घातल्या, रट्टेही मीच दिले. बापाची अन् तिची गाठ म्हणजे सकाळी तो मोटारीत बसे अन् ती दारात उभी राहे, तेवढीच.

मोटारीचीही एक गंमतच आहे. आगगाडीनं तो जात नसे. डब्यात समोरचा माणूस डोळे मिटून बसला तरी याले वाटे, हा उलट पक्षाचा आहे, झोपेचं सोंग घेऊन आपलं बोलणं ऐकून रायला. म्हणून मोटार घेतली. ड्रायव्हर ठेवला नाही, कारण ड्रायव्हरलेही कान असतात. मग स्वतःच चालवे.

पण खोटं काहून बोलू, त्या मोटारीतच तो माणसात येई. बडनेरा मागं पडलं अन् दोन्ही अंगाले कपाशीचं काळं वावर लागलं, की त्याची मान सैल होई. मग ज्ञान सुटे. म्हणे, मानके, आपण काम कराले जन्मलो नाही, काम हे जगासाठी आहे. म्हणे, एवढा हंगाम संपू दे, अर्धे खटले सोडतो, सांजेले घरी बसतो, पोरीशी चार गोष्टी बोलतो. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यानं सारी वकिली सोडून दिलेली असे. अकोल्याच्या कोर्टाची भिंत दिसली की सारी परत धरलेली असे. मी तोंडावर म्हणो, तुही वकिली बडनेऱ्याले सुटते अन् अकोल्याले लागते. तो हसे. मोटारीत त्याले राग येत नसे.

शकुन मोठी झाली अन् सोयरिकीचं बोलणं निघालं. सोयरिकी जमवणारे नत्थुजी बोरगावच्या अंगाचं एक ठिकाण घेऊन आले. किसनराव नावाचे कास्तकार, काळं वावर, विहिरीवर वांगी अन् सांभार म्हणजे कोथिंबीर, घरात माणसं मोजकी. पोरगा शालिकराम मॅट्रिक झालेला, शेती स्वतः पाहे. पाहणी झाली, पोहे झाले, तिकडून होकार आला. त्या दिवशी शकुन माह्या मागं मागं सैपाकघरात फिरून रायली होती. मी म्हटलं, काय आहे ते बोल बाई. तिनं परातीतलं पीठ उगाच चाळलं अन् मान खाली घालून म्हणाली, "आत्याबाई, मले इथंच द्या."

आईवेगळ्या पोरीनं आजवर तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आता ही सोयरीक झालीच पाहिजे.

आता रायली चौकशी. आमच्याकडे होकार आला तरी चौकशी राहतेच. पोराच्या गावात जाऊन विहिरीवरच्या बायांले, न्हाव्याले, दुकानदाराले सहज बोलता बोलता विचारा लागते. दोन्ही अंगानं विचारतात, एकमेकांले ते माहीतही असते, पण कोणी दाखवत नाही. शेवटी दोन बाप एकांतात बसतात अन् एकमेकांले लेकरांचं विचारतात. आत्या-मावशीचा शब्द तिथं धरत नाहीत, त्या गोडच सांगणार. बाप सांगीन ते खरं.

दुसरे लोक एका फेरीत उरकतात. आमच्या वकीलसाहेबानं तो फौजदारी खटला केला. अकोल्याची तारीख आली की मले मोटारीत घाले, वाटेत बोरगावले उतरे. बायांत विचाराले मी, माणसांत विचाराले तो. पोराची आई भांडखोर आहे काय, पोरगा रात्री कुठं बसते, आज्यानं कोणाचा बांध कोरला होता काय. साऱ्यांनं चांगलंच सांगितलं. मी खूश झाली, तर हा परतीच्या वाटेनं कपाळाले आठ्या घालून बसला. म्हणे, सारेच एक सूर लावून रायले म्हणजे हे पढवलेले साक्षीदार आहेत. मी म्हटलं, अरे पोरगाच चांगला असन. तर म्हणे, तेवढं सोपं जगात काही नसते.

एक पानवाला मात्र म्हणाला, मले माहीत नाही. झालं. उत्तमले जसं घबाड सापडलं. पुढच्या फेरीत मी स्वतः त्या पानवाल्याले विचारलं, तर तो चांदूर बाजारहून नुकताच दुकान घालाले आलेला, बिचाऱ्याले गावातलं कुत्रंही ओळखत नव्हतं. तरी हा मानाले तयार नाही.

इकडे शकुन रोज माह्या तोंडाकडे पाहे. विचारे काही नाही. मी आपलं म्हणो, होईन बाई, तुह्या बापाचं एकदा समाधान होऊ दे.

मग तो दिवस आला. आमी अकोल्याले चाललो होतो अन् बोरगावच्या फाट्यावर किसनराव भाजीची पाटी घेऊन उभे. म्हणाले, अकोल्याले सोयऱ्याकडे जाचं आहे, जागा असन तर येतो. मी तवाच समजली. दोन बापांनं बसून बोलाचं असते ते बोलणं मोटारीतच होऊन रायलं. किसनराव पुढं बसले, मी मागं, पाटी माह्या मांडीवर. सांभाराच्या वासानं मोटार भरून गेली. उत्तमनं आरशातून मले डोळा घातला. साक्षीदार आपल्या पायानं पिंजऱ्यात येऊन बसला, असं त्याले वाटलं.

त्याची रीत अशी, की आधी कोर्टातल्या गोष्टी सांगून साक्षीदाराले सैल करा, मग धरा. त्यानं सुरू केलं. खुनाचा खटला सांगितला, वाटणीचा सांगितला. अन् रंगात येऊन म्हणाला, "किसनराव, खोटं बोलणारा साक्षीदार परवडते, तो काहीतरी सांगते तरी. पण ज्याले माहीत पाहिजे तोच माहीत नाही म्हणाला, की समजा त्याच्या पोटात मढं आहे."

किसनरावांनं मान हलवली. म्हणाले, खरी गोष्ट आहे. अन् मग त्यांनंच विचारलं, पोरगी खाण्यात कशी आहे? उत्तम म्हणाला, खाते सारंच. मी मनात म्हटलं, खाते काय शकुन सारं! कारल्याच्या ताटाले शिवत नाही. पण ठीक आहे, चाललं. मग त्यांनं विचारलं, लहानपणी काही मोठं दुखणं? उत्तम म्हणाला, आठवत नाही.

शकुनले मुदतीचा ताप आला होता. केस गळून डोक्याचा तुळतुळीत गोटा झाला होता पोरीचा. तवा हा नागपूरले अपिलात होता, अन् परत आला तवा पोरीच्या डोक्याले बांधलेलं जरीचं फडकं पाहून म्हणाला, आज काय सण आहे? मी मागून तोंड उघडलं तर यानं हात वर केला, कोर्टात समोरच्या वकिलाले थांबवतात तसा. म्हणे, मानके, मधात बोलू नको. साक्षीदाराले मागून कोणी सुचवलं तर साक्ष बिघडते ना! स्वतः साक्ष देऊन रायला हे काही त्याच्या ध्यानात येईना.

किसनराव उत्तमकडे वळले. मग म्हणाले, "वकीलसाहेब, पोरीच्या कपाळाले केसाच्या काठी एक खूण आहे. आमच्या घरच्यांनं पाहणीच्या दिवशी पाह्यली. कशाची आहे ती?"

उत्तमनं मोटार हळू केली. "खूण? कोणती खूण? मले माहीत नाही."

देवाशपथ सांगते, तो खोटं बोलत नव्हता. त्याचा आवाज मी ओळखते. त्यानं पोरीचं कपाळ कधी पाह्यलंच नव्हतं. मग मले राहवलं नाही. मी म्हटलं, पाव्हणे, नागपंचमीच्या झोक्यावरून पडली होती, मी स्वतः हळद भरली, दुसरं काही नाही. तापाचंही सांगून टाकलं. किसनराव अर्धे मागं वळले अन् भल्ल्या अदबीनं म्हणाले, बाई, तुमी सांगता ते खरंच असन. त्या 'असन'नं मी समजली, माहा शब्द त्यांनं धरला नाही.

अकोल्याले किसनरावांनं मोटार थांबवाले सांगितली. पाटी घेऊन उतरले, हात जोडले, गेले. अन् आमचा शहाणा मले काय म्हणते? म्हणे, पाह्यलं? खुणेचं विचारून रायला. हा बुढा नकार द्याले निमित्त शोधून रायला, यांच्याच घरात काहीतरी आहे. मी म्हटलं, बह्याडा, तो तुही चौकशी करून गेला. त्याले ते पटलं नाही. त्याची तारीख होती, तो कोर्टात गेला.

थोड्याच दिवसांनं नत्थुजी आले. चहाले नाही म्हणाले तवाच मी समजली. शालिकरामची सोयरीक मूर्तिजापूरले ठरली, नारळ-सुपारी झाली. उत्तमनं कारण विचारलं. नत्थुजी आधी चाचरले, मग बोलून गेले. म्हणाले, वकीलसाहेब पोरीचं काहीतरी लपवून रायले असं त्यांचं म्हणणं आहे. बापाले पोरीची खूण माहीत नाही हे कोण मानीन? दुखणं बापानं गाळलं अन् आत्यानं सांगितलं. पोरीले फीट येत असन, त्यातच कुठं पडली असन.

नत्थुजी गेले. दाराआड शकुन उभी होती, तिनं सारं ऐकलं. रडली नाही. मीच रडली. माह्या पोरीनं जल्मात एक गोष्ट मागितली अन् ती बापाच्या एका शब्दानं गेली, हे मले आजही गिळवत नाही. आख्खं बोरगाव उकरून काढलं यानं. काखेत कळसा अन् गावाले वळसा, दुसरं काय.

उत्तम मात्र पेटला. काळा कोट चढवला, मोटारीची किल्ली घेतली. सोयरीक मोडली ती मोडली, पण अब्रू काहून घालवता म्हणे. आत्ता जातो, किसनरावाच्या दारात चार लोक जमा करतो अन् साऱ्यांसमोर सांगतो, मी काही लपवलं नाही, मले खरंच माहीत नव्हतं. तो अंगणात मोटारीपर्यंत पोचला अन् शकुन त्याच्या मागं गेली. बापापुढं ती कधी अशी उभी रायली नव्हती.

"बाबा, जाऊ नका."

तो म्हणाला, अवं, तुहीच बदनामी होऊन रायली, तुले कळते काय?

"होऊ द्या," ती म्हणाली. "लपवलं असंच म्हणू द्या लोकाले. लपवलं म्हटलं तर निदान तुमाले माहीत होतं, असं तरी होईन."

उत्तमच्या हातात किल्ली तशीच रायली. तो मोटारीच्या पायरीवर खाली बसला. अकोल्याची तारीख होती, ती गेली. त्यानं वर पाह्यलं, तिच्या कपाळाकडे. मग विचारलं, "कशाची आहे बाई, ती खूण?"

तिनं सांगितलं. झोक्याचं, पडल्याचं, मी हळद भरल्याचं. तापाचंही सांगितलं. चौकशीले आलेल्या परक्या माणसाले सांगावं तसं, पदर सावरून, मान खाली घालून, एकेक गोष्ट नीट सांगितली. अन् सांगून झाल्यावर विचारलं, अजून काही विचाराचं आहे काय.