आमच्या शेजारचा नाताळ

आमच्या शेजारच्या काकांइतका बाजारावर राग असलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. रेल्वेतून निवृत्त होऊन ते चुडाव्यात राहिले, आणि गल्लीतलं एकुलतं एक ख्रिस्ती घर म्हणून नाताळची सगळी जबाबदारी आपल्याच डोक्यावर आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. मी एकदा नांदेडहून दिव्यांची तयार चांदणी आणून दिली. ती त्यांनी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "हिला कुनाचा हातच लागला न्हाई की." लगेच पिशवीत घालून परत. त्यांची चांदणी म्हणजे बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ. त्यातली अर्धी खळ कागदाला लागायची आणि अर्धी काकांच्या मिशीला.

झाड म्हणजे बाभळीची फांदी. "काट्याला कागद आपोआप अडकतो, दोरा लागत न्हाई," हे त्यांचं शास्त्र. ते झाड कौतुकानं बघायला गेलेला माणूस हात ओरबाडून घेतल्याशिवाय परतत नसे. फांदीवर शेतातला कापूस पसरला की झाला बर्फ. आम्ही बर्फ पाहिलेला फक्त रसवंतीत, त्यामुळे तो कापूस बघून आम्हाला उलट ऊबच वाटायची. नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यातली मंडळी काळ्या मातीची, काकांनी स्वतः घडवलेली. योसेफाला फेटा, मरियेला नऊवारी. काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून योसेफाची मान दरवर्षी गळायची आणि काका पाण्याचं बोट लावून ती पुन्हा बसवायचे. काकू करंज्या तळता तळता म्हणायच्या, "त्या बिचाऱ्याला एक वर्ष तरी धड राहू द्या." संध्याकाळी सगळी गल्ली त्यांच्या ओसरीवर फराळाला जमायची.

गेल्या दिवाळीनंतर काकू गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या.

आणि इथं आमच्या गल्लीचं चुकलं. घरातलं माणूस गेलं की आमच्याकडे वर्षभर सण करत नाहीत, गोडधोड तळत नाहीत. हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं की काकांच्यात तसं नसेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. नाताळच्या संध्याकाळी त्यांनी उपाशी बसू नये म्हणून आई पिठलं-भाकरी घेऊन निघाली, तिच्यासोबत मी. बघतो तर दारात चांदणी लागलेली, जरा वाकडी. ओसरीवर फराळाची ताटं मांडलेली आणि त्यांच्यासमोर इस्त्रीचा शर्ट घालून काका एकटेच बसलेले. दिवसभर कुणी फिरकलं नव्हतं.

"का वहिनी, कुनीच कसं आलं न्हाई?" त्यांनी आईला विचारलं. "माझं काही चुकलं का?"

"दुःखाचं साल हाय भावजी," आई म्हणाली. "सणाचं कसं खायला यावं?"

"तिनं जाताना एवढंच सांगितलं, ओसरी रिकामी ठेवू नका म्हणून. मी एकट्यानं केलंय सगळं. तुमी न्हाई खाल्लं तर तिला मी काय सांगू?"

त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण मला त्यांच्याकडे बघवेना. आईनं पिठल्याचं पातेलं खाली ठेवलं आणि पायरीवरूनच गल्लीला हाका मारल्या. बाया हातातली कामं टाकून आल्या, मागून माणसंही आली. जरा वेळानं ओसरीवर बसायला जागा उरली नाही.

मी करंजीचा पहिला घास घेतला आणि आईकडे पाहिलं. तिनं मान खाली घातलेली. सारणात खोबरं होतं, खसखस होती, वेलदोडाही होता. साखर घालायचीच राहून गेली होती. कुणी चकार शब्द काढला नाही. ज्यांच्या तोंडाला सगळी गल्ली भिते, त्या कोपऱ्यावरच्या आत्याबाईंनीसुद्धा ताटातली संपवून आणखी एक मागून घेतली. "लय चांगल्या झाल्यात," म्हणाल्या. काका खुलले आणि मुरड कशी घालायची ते प्रत्येकाला समजावून सांगू लागले.

मंडळी पांगली. मी ताटं गोळा करत होतो. तेव्हा काकांनी स्वतःसाठी एक करंजी उचलली, अर्धी खाल्ली आणि चावायचे थांबले.

"कुनीच कसं बोललं न्हाई?"

"चांगल्या होत्या, काका," मी म्हणालो.

त्यांनी उरलेली अर्धी हळूच ताटात ठेवली.

"ती असती तर," ते म्हणाले, "समद्या गल्लीसमोर बोलली असती."