आक्काचा उजवा हात

दाजींचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या कंपनीत डबा उघडून बसले होते. "मंदा, आक्का गेली," एवढंच म्हणाले. महिना होत आला, माझा राग काही जात नाही. अर्धांगवायूचा दुसरा झटका यायचाच होता, तर तिला मधे एवढी आशा कशाला दाखवायची?

आक्का, माझी थोरली बहीण, मखमलाबादला फुलशेती करायची. पहिल्या झटक्यात तिचा उजवा हात गेला. शेवंती खुडणारा हात मांडीवर नुसता पडून असायचा. पुन्हा याच हातानं फुलं खुडायची, हा एकच ध्यास तिनं घेतला. मग फिजिओथेरपीच्या मुलीनं व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा जाडजूड चष्मा आणला. त्यात बाग दिसते, हात पुढे करून फुलं तोडायची आणि टोपलीत टाकायची. हे तर माझंच काम, असं म्हणून आक्का खुशीत तयार झाली.

कंपनी सुटली की मी तिला फिजिओथेरपीला घेऊन जायची. पण तिथं ती हात तसूभरही हलवेना. मुलगी बिचारी हिरमुसली. मी वैतागले, तेव्हा आक्का चष्म्याआडून हळूच म्हणाली, "दिवेलागण झालीय ना, मंदे. आता झाडाला हात नाय लावायचा."

आमच्यात सांज झाली की कुणी फूल तोडत नाही, झाडं झोपलेली असतात. चष्म्यातल्या बागेत लख्ख ऊन होतं, तरी बाहेरची सांज विसरायला ती तयार नव्हती. हसावं की रडावं कळेना. मग दाजी तिला सकाळी न्यायला लागले.

सकाळी हात हलू लागला. चष्म्यातला हात खऱ्यापेक्षा जरा जास्तच वर जायचा, माणसाला धीर यावा म्हणून तशी सोय असते. आक्का तिथं पार वरची फुलं खुडायची, खरा हात मात्र जेमतेम छातीपर्यंत यायचा. एका सुट्टीला मीही गेले होते. त्या दिवशी ती चष्मा काढूच देईना. "तिथला हात माझा हाय," म्हणाली. "हा कोणाचा आणून बसवलाय?" आक्काला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तरी ती रोज वावरात जायची. उजवी बोटं शेवंतीपर्यंत पोचायची, पण चिमूट बसायची नाही, देठ तुटायचा नाही. चिडून ती डाव्या हातानं खुडायची. तिथंच, बांधावर, दुसरा झटका आला.

शेवटची आंघोळ आम्ही बायकांनी घातली. डाव्या हाताचा अंगठा देठांच्या रसानं काळा झाला होता, घासूनही निघेना. मग मी उजवा हात घेतला. नखांत मातीचा कण नाही, बोटांवर एक डाग नाही. जन्मात तिचा हात इतका स्वच्छ पाहिला नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, बस झालं, त्याला काही लागलेलंच नाही. मी तरी तो घासतच राहिले...