नटावरची चुन्याची रेघ

देवाजीच्या शर्टाच्या खिशात चुन्याची डबी असते. तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला त्याला तीन वर्षं झाली, डबी सुटली नाही.

मूल गावच्या राइस मिलच्या आवारात तो सकाळी सहाला येतो आणि आपल्या दहाचाकी ट्रकभोवती डावीकडून फिरायला लागतो. हातात टॉमी असते, चाक खोलताना लागणारा लोखंडी दांडा. ती टायरवर आपटायची आणि कान द्यायचा. हवा कमी असेल तर आवाज भद्द येतो. मग वाकून तेल गळलंय का पाहायचं. पुढे स्प्रिंगचे पाटे, ब्रेकची हवा, दिवे, ताडपत्रीचे दोर. शेवटी चाकांचे नट. प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडापर्यंत चुन्याची एक बारीक रेघ ओढलेली असते. रेघ सलग असेल तर नट जागेवर आहे. तुटून अर्धी इकडे, अर्धी तिकडे झाली असेल तर नट फिरला, पाना लावायचा.

हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तरुणपणी जिवतीच्या घाटात समोरच्या ट्रकचं मागचं चाक निखळून ट्रकच्याच पुढे धावत गेलेलं त्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खर्रा घोटताना बोटाला चुना लागला, आणि ते बोट तसंच नटावर गेलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत या रेघेबद्दल त्याला कोणी काही विचारलं नाही.

विचारलं ते राजदीपने. नागपूरहून ड्रायव्हिंगचं प्रशिक्षण घेऊन आलेला, अठ्ठावीस वर्षांचा. पहिले चार महिने तो देवाजीसोबत गाडीवर होता. रेघ पाहून म्हणाला, "काका, हे तं भारीच आहे." देवाजीला तेव्हा इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी त्याने दोघांच्या चहाचे पैसे दिले.

दिवाळीनंतर मिलमालक गुणवंतरावांनी नवा ट्रक घेतला. केबिनमध्ये एसी, सीट मागेपुढे होणारी. देवाजी त्या आठवड्यात नवा शर्ट घालून कामावर आला. चावी राजदीपला मिळाली.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण राजदीपने रोजच्या तपासणीचा छापील कागद आणला, बावीस रकाने, पुढे बरोबरची खूण करायची. नटावर चुन्याची रेघ काढून फोटो मालकाला पाठवला. गुणवंतरावांनी सगळ्या ड्रायव्हरांना गोळा केलं आणि म्हणाले, "पाहा, राजदीपची लाइन! उद्यापासून सगळ्या गाड्यांले हेच पाहिजे. देवाजीभाऊ, तुमीही शिकून घ्या याच्याकडून."

राजदीप मध्येच म्हणाला, "सर, हे तं काकांचंच—" पण मालकांचा फोन वाजला आणि ते बोलत आत गेले.

देवाजी घरी येऊन जेवला नाही. बायको, सीता, म्हणाली, "माह्यासाठी कधी एवढे जळले नाई तुमी. त्या पोट्ट्यापायी जळून राह्यले?"

"मी कायले जळू?"

"मंग वांग्याची भाजी काऊन थंडी झाली?"

तेव्हापासून देवाजी पंधरा मिनिटं लवकर येऊ लागला. आधी राजदीपच्या ट्रकभोवती फिरायचं आणि खोट शोधायची. सापडत नव्हती. पोरगा नीटनेटका होता. त्याचे दिवे चकचकीत, दोर घट्ट, आरशावर बोटाचा ठसाही नाही. खोट नाही म्हणून देवाजीला अधिकच राग यायचा.

मग एक दिवस ती सापडली. राजदीप आल्याआल्या पाइप लावून ट्रक धुवायचा, कारण मालकांना फोटोत गाडी चमकलेली हवी असायची. धुताना जुनी रेघ वाहून जायची. मग तो फडक्याने नट पुसून नवी रेघ ओढायचा, फोटो काढायचा, खूण करायचा. जुनी रेघ तुटली होती की सलग होती, हे पाहायचं कधी? देवाजीचा ट्रक आठवड्यातून एकदा धुतला जायचा, त्यामुळे आधी पाहायचं आणि मग धुवायचं हे वेगळं सांगावं, असं त्याला कधी सुचलंच नव्हतं. आता सुचलं होतं. त्याने सांगितलं नाही. सगळं गेलं तरी एवढं एक आपल्याकडे राहिलं, असं त्याला वाटलं. आणि ते चुन्याच्या डबीसारखं तो खिशात घेऊन फिरू लागला.

त्या बुधवारी राजदीपला तांदूळ घेऊन सिरोंचाला जायचं होतं. सोमवारी त्याच्या ट्रकचं पंक्चर झालेलं चाक बदललं होतं, आणि मंगळवारी ट्रक एक खेप करून आला होता. नव्याने बसवलेल्या चाकाचे नट एका खेपेत सैल होतात, हे देवाजीला माहीत होतं. तो वाकला. मागच्या डाव्या चाकावर तीन रेघा तुटलेल्या होत्या.

त्याच्या छातीत काहीतरी गोड हललं. तो उठला आणि फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला.

राजदीप आला. "जय भीम, काका!" म्हणत त्याने पाइप लावला. तुटलेल्या रेघा दुधासारखं पाणी होऊन मातीत गेल्या. नव्या रेघा आल्या, सरळ, पट्टीने ओढल्यासारख्या. फोटो निघाला. बाविसाव्या रकान्यात खूण झाली. गुणवंतराव ओसरीवरून म्हणाले, "वा! याले म्हणतात काम."

देवाजीने कपात पाहिलं. चहावर साय धरली होती.

ट्रक सुरू झाला. काच खाली घेऊन राजदीप ओरडला, "काका, सिरोंचाहून काही आणू का?"

गोदावरीचे सुके मासे देवाजीला आवडतात, हे राजदीपला आठवत होतं. देवाजीला ते मासे आठवले नाहीत. घाटात उड्या मारत पुढे गेलेलं चाक आठवलं. तो उठून चालू लागला, मग धावला, आणि फाटकात ट्रकच्या पुढे उभा राहिला.

"उतर खाली!"

"काय झालं?"

"उतर म्हणतो ना! पाना आण."

मागच्या डाव्या चाकाशी बसून देवाजीने टॉमीने एक नट ठोकला. टण्ण. दुसरा ठोकला. भद्द. राजदीपने पाना लावला. नट जवळपास अर्धा फेरा फिरला. पुढचेही दोन तसेच.

"पण मी तं आत्ताच लाइन काढली, काका."

"काढली. पाह्यली कवा?"

राजदीप हातातला पाना बघत राहिला.

"जुनी आधी पाहाची. मंग धुवाची. मंग नवी काढाची," देवाजी म्हणाला. शेवटचा शब्द तोंडातून गेला तसा त्याला खिसा हलका वाटला, आणि ते त्याला आवडलं नाही.

राजदीपने हळूच विचारलं, "तुमाले कवा दिसलं?"

"सकाळी."

"धुवाच्या आधी?"

"हो."

राजदीप पाना घेऊन उठला. त्याने उरलेल्या सगळ्या चाकांचे नट तपासले. अर्धा तास लागला. मग तो निघून गेला. या वेळी काच खाली आली नाही.

शुक्रवारी सकाळी देवाजी आला तेव्हा राजदीपचा ट्रक लाल धुळीने माखलेला होता. पाइप गुंडाळून बाजूला, आणि राजदीप ओसरीच्या पायरीवर बसलेला.

"पाहून घ्या, काका. मंग धुतो."

"तुले डोये नाईत का?"

"मी पाह्यलं. तुमीही पाहा."

देवाजीने आधी आपला ट्रक पूर्ण तपासला. मग चहा घेतला, सावकाश. राजदीप बसून राहिला. मग देवाजी त्याच्या ट्रकभोवती डावीकडून फिरला आणि मानेनेच हो म्हणाला.

ट्रक धुऊन झाला. राजदीपने नव्या रेघा ओढल्या. देवाजी लांबून पाहत होता. रेघा त्याच्यापेक्षा सरळ येत होत्या, आणि ते त्याला अजूनही खुपत होतं.

राजदीप मघाशी बसला होता त्या पायरीवर कागदात बांधलेले सुके मासे ठेवलेले होते.