खालच्या ऑफिसातली घंटा

आमच्या घराखाली परदेशी शिक्षणासाठी मुलांचे अर्ज भरून देणारं एक ऑफिस आहे. ज्याचा व्हिसा येईल त्याने दाराशी टांगलेली पितळी घंटा वाजवायची, अशी तिथली पद्धत. पूर्वी ती दिवसातून तीन-चारदा वाजायची आणि माझी दुपारची झोप मोडायची. आनंद लोकांचा आणि तक्रार माझी. दोनदा तर मी खाली जाऊन भांडूनही आलो होतो.

आता कित्येक दुपारी शांत जातात. प्रवेश मिळालेल्यांचेही व्हिसाचे अर्ज महिनोन्महिने पडून राहतात म्हणे. तिकडे वर्ग सुरू होतात आणि ही मुलं इथेच. झोप मात्र मला येत नाही. डोळे मिटले तरी कान खाली लागलेले असतात.

आज अकराच्या सुमारास जिना उतरलो, तर सफाईच्या मावशी घंटा घासत होत्या. एका मुठीत त्यांनी आतला लोलक घट्ट धरून ठेवला होता.

"वाजली तर वाजू द्या की, मावशी," मी म्हटलं.

"नको काका," त्या हळूच म्हणाल्या. "आत पोरं बसलीत. उगाच सगळी वळून बघतील."